लाजेसची धावपट्टी आणि होकाराचे मोल

१३ ऑक्टोबर १९७३, शनिवार. अमेरिकेच्या हवाई तळांवर तोफगोळे, क्षेपणास्त्रे आणि विमानांचे सुटे भाग भरलेली प्रचंड मालवाहू विमाने उड्डाणाच्या तयारीत उभी होती. इजिप्त आणि सीरियाने इस्रायलवर चढाई केल्याला आठवडा झाला होता. इस्रायलचा दारूगोळा झपाट्याने संपत होता आणि राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा आदेशही निघाला होता. वैमानिक सज्ज होते. अडचण एकच होती आणि ती कोणत्याही अभियंत्याच्या हातची नव्हती. वाटेत उतरायचे कोठे?

जगातील सर्वांत बलाढ्य हवाई दलाला हा प्रश्न पडावा, हे आज वाचताना विचित्र वाटते. हवाई दलांचा इतिहास बहुधा विमानांचा वेग, पल्ला आणि शस्त्रे यांच्या अंगाने सांगितला जातो, म्हणून ते तसे वाटते. विमान आकाशात उडते, पण उतरते कोणाच्या तरी जमिनीवर. आणि त्या जमिनीवरचे आकाशही त्याच मालकाचे असते. १९४४च्या शिकागो कराराने हे तत्त्व कागदावर आणले. प्रवासी विमानांना त्यात काही सवलती मिळाल्या. लष्करी विमानाला मात्र दुसऱ्या देशाच्या हद्दीवरून जायचे असेल, तर त्या देशाची खास परवानगी हवी. ती मिळवण्याचे काम वैमानिक करीत नाही. ते राजदूत करतो, आणि पुष्कळदा वैमानिकाचा जन्मही झालेला नसतो तेव्हापासून ते चाललेले असते.

१९७३च्या त्या शनिवारी हिशेब असा होता. सी-१४१ स्टारलिफ्टर हे विमान वाटेत इंधन घेतल्याशिवाय इस्रायलपर्यंत उपयोगाचा माल नेऊच शकत नव्हते. त्याहून कितीतरी मोठे सी-५ गॅलेक्सी कसेबसे थेट पोहोचले असते, पण जेमतेम तेहेतीस टन माल घेऊन. हवेतल्या हवेत इंधन घेण्याची सोय गॅलेक्सीला होती, पण तिच्या वैमानिकांना तसे प्रशिक्षणच मिळालेले नव्हते. म्हणजे अर्ध्या वाटेवर एक धावपट्टी हवीच होती.

धावपट्ट्या युरोपभर होत्या. त्यांतल्या कित्येक अमेरिकेच्याच पैशाने बांधलेल्या होत्या. पण युरोपचे तेल अरब देशांतून येत होते. ब्रिटन, स्पेन, इटली, ग्रीस, तुर्कस्तान, सगळ्यांनी या कामासाठी आपले तळ वापरू देण्यास नकार दिला. पश्चिम जर्मनीने आधी डोळेझाक केली. पुढे ब्रेमरहाफेन बंदरात इस्रायली जहाजांवर अमेरिकी शस्त्रे चढताना दिसली, तेव्हा उघड निषेध केला. ही सगळी राष्ट्रे अमेरिकेची लष्करी मित्रराष्ट्रे होती किंवा तिला तळ देऊन बसलेली होती. मैत्रीच्या तहात शत्रूने चढाई केल्यास काय करायचे ते लिहिलेले असते. तिसऱ्याच्या युद्धासाठी अंगण वापरू द्यायचे की नाही, हे लिहिलेले नसते. (दुसऱ्या बाजूलाही हेच चालले होते. इजिप्त-सीरियाला शस्त्रे पोहोचवणाऱ्या सोव्हिएत विमानांना युगोस्लाव्हियाच्या आकाशातून जायचे होते, आणि टिटोंच्या सरकारने ते जाऊ दिले.)

उरले एकच ठिकाण. लिस्बनच्या पश्चिमेस सुमारे दीड हजार किलोमीटरवर, भर अटलांटिकमध्ये, पोर्तुगालच्या मालकीचा अझोर्स द्वीपसमूह आहे. त्यातले तेर्सेरा हे बेट बृहन्मुंबईहूनही लहान. त्याच्या ईशान्य टोकाला लाजेस नावाचा हवाई तळ आणि तीन किलोमीटरहून लांब धावपट्टी. १३ ऑक्टोबरला सगळा प्रश्न लिस्बनमधील एका माणसाशी येऊन थांबला. ते होते पंतप्रधान मार्सेलो काएतानो.

काएतानो यांनी काय उत्तर दिले, हे समजण्यासाठी या धावपट्टीचा तीस वर्षांचा जमाखर्च पाहावा लागतो. त्यात लंडन आहे, वॉशिंग्टन आहे आणि गोवाही आहे.

१९४३ साली अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्यांचा धुमाकूळ चालू होता. किनाऱ्यांवरून उडणारी विमाने समुद्राच्या मध्यापर्यंत सहजी पोहोचत नव्हती, आणि त्याच मोकळ्या पट्ट्यात जहाजे बुडत होती. अझोर्समध्ये विमाने ठेवता आली तर हा पट्टा बुजवता आला असता. पोर्तुगाल मात्र तटस्थ होता. हुकूमशहा सालाझार जर्मनीला आणि ब्रिटनला, दोघांनाही टंगस्टनचे खनिज विकत होते. चर्चिल यांना बेटे सरळ ताब्यात घ्यावीत असे वाटत होते. रूझवेल्टही त्याला अनुकूल होते. ईडन आणि ॲटली यांनी विरोध केला. आधी विचारून तर पाहू, असे त्यांचे म्हणणे होते.

विचारण्यासाठी ब्रिटनने जे कारण काढले त्याला इतिहासात तोड नाही. इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यात १३७३ साली, म्हणजे बहमनी राज्य स्थापन होऊन पंचवीसएक वर्षे झाली होती त्या काळात, मैत्रीचा तह झाला होता. तो कधी रद्दच झाला नव्हता. त्याच तहाच्या आधारे ब्रिटनने लाजेस मागितले. ऑगस्ट १९४३मध्ये करार झाला, ८ ऑक्टोबरला ब्रिटिश तुकड्या तेर्सेरावर उतरल्या आणि चार दिवसांनी चर्चिल यांनी संसदेत साडेपाचशे वर्षांच्या जुन्या तहाचा हवाला देत ही बातमी सांगितली. सालाझार यांना त्या कागदाने मोठी सोय करून दिली. आपण बाजू बदललेली नाही, केवळ जुना शब्द पाळतो आहोत, असे त्यांना जर्मनीला सांगता आले. बदल्यात त्यांनी पक्के आश्वासन घेतले: पोर्तुगालच्या वसाहतींवरील सार्वभौमत्वाचा मान राखला जाईल.

त्यांतलीच एक वसाहत गोवा होती.

अमेरिकेलाही त्या बेटांवर जागा हवी होती, आणि तेथे एक मजेशीर प्रकरण घडले. लिस्बनमधील अमेरिकी दूतावासाचा कारभार तेव्हा जॉर्ज केनन नावाचा तरुण अधिकारी सांभाळत होता. पुढे शीतयुद्धाचा सिद्धान्तकार म्हणून जगाला माहीत झालेला तोच. वसाहतींविषयीचे आश्वासन सालाझार यांना द्या, असा आदेश त्याला आला आणि पाठोपाठ तो मागेही घेतला गेला. मग लष्कराच्या मागण्यांची भलीमोठी यादी आली. ही यादी एका भेदरलेल्या तटस्थ देशापुढे ठेवली तर मिळणारेही हातचे जाईल, हे केनन यांनी ओळखले. त्यांनी आदेश पाळायचे नाकारले. त्यांना वॉशिंग्टनला बोलावण्यात आले, सेनाधिकाऱ्यांपुढे उभे केले गेले. खटपट करून ते रूझवेल्ट यांच्यापर्यंत पोहोचले आणि राष्ट्राध्यक्षांच्या सहीचे सालाझार यांच्या नावचे सौम्य पत्र घेऊन परतले. पहिल्या महायुद्धानंतर अझोर्समधील तळ आपणच पोर्तुगालला परत केले होते, याची आठवण रूझवेल्ट यांनी त्या पत्रात करून दिली होती. पुढच्या वर्षी अमेरिकेला शेजारच्या सांता मारिया बेटावर तळ मिळाला आणि युद्धानंतर तिचा मुक्काम लाजेसला आला. रणगाडे न हलवता मिळवलेल्या जागांत ही जागा फार वरची आहे, आणि तिचे श्रेय आदेश न पाळणाऱ्या एका कनिष्ठ अधिकाऱ्याकडे बरेचसे जाते.

आता डिसेंबर १९६१. दृश्य उलटे आहे. जागा मागायची वेळ पोर्तुगालवर आली होती.

भारतीय सैन्य गोव्याच्या सीमेवर जमत होते. लिस्बन ते दाभोळी हे अंतर त्या काळच्या विमानांना वाटेत थांबल्याशिवाय कापता येत नव्हते. सालाझार यांनी त्याच १३७३च्या तहाच्या मित्राकडे, ब्रिटनकडे, वाटेतील विमानतळ वापरू देण्याची विनंती केली. उत्तर यायला आठवडा लागला. राष्ट्रकुलातील एका सदस्याविरुद्ध आपण लढाईत उतरू शकत नाही, ही ब्रिटनची भूमिका होती. भारत त्या राष्ट्रकुलाचा सदस्य होता. जानेवारी १९६२मधील भाषणात सालाझार यांनी जाहीर तक्रार केली की, तो आठवडा वाया गेला नसता तर दुसरा मार्ग शोधून माणसे आणि सामग्री गोव्यात नेता आली असती. ती नेऊन फार काही बदलले असते असे मानायला आधार नाही. भारतीय सैन्यबळ कितीतरी पटींनी मोठे होते. पण तक्रारीतला कडवटपणा खरा होता. अटलांटिकमधील सर्वांत मोक्याची धावपट्टी ज्याच्या मालकीची होती, त्यालाच हिंदी महासागराकडे जाताना उतरायला धावपट्टी मिळाली नव्हती.

१८ डिसेंबरला पुण्याच्या लोहगाव तळावरून उडालेल्या कॅनबेरा विमानांनी दाभोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. विमानतळाच्या इमारतीला धक्का लावू नये, अशी सूचना त्यांना होती. तेथे उभी असलेली दोन पोर्तुगीज प्रवासी विमाने धावपट्टीची घाईघाईने डागडुजी करून रात्रीच्या अंधारात निसटली आणि कराचीला पोहोचली. पोहोचू शकली, कारण कराचीत त्यांना उतरू देणारे सरकार होते. त्याच डिसेंबरात भारताची स्वतःची सहा कॅनबेरा विमाने समुद्रापार आफ्रिकेत, काँगोमध्ये, लढत होती. संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या झेंड्याखाली गेल्यामुळे त्यांच्यासाठी दारे उघडी होती. एकाच महिन्यात एका देशाची विमाने दुसऱ्या खंडात पोहोचतात आणि दुसऱ्या देशाची स्वतःच्याच म्हणवणाऱ्या भूमीवर पोहोचत नाहीत, यात विमानांच्या गुणवत्तेचा भाग थोडाच आहे.

सालाझार यांच्या हाती एकच हुकमाचा पत्ता राहिला होता, तो म्हणजे लाजेस. १९६१च्या मार्चमध्ये केनेडी सरकारने अंगोलाच्या प्रश्नावर सुरक्षा परिषदेत पोर्तुगालविरुद्ध मत दिले होते. लाजेसचा करार १९६२च्या अखेरीस संपत होता. सालाझार यांनी तो नव्याने केला नाही आणि अमेरिकेला हाकललेही नाही. तिला तेथे राहू दिले, पण कागदाविना, केव्हाही उठवता येईल अशा स्थितीत. वॉशिंग्टनचा आफ्रिकेविषयीचा स्वर त्यानंतर बराच मवाळ झाला. अंगोलातील खेड्यांत जे घडत होते त्याविषयी किती मोठ्याने बोलायचे, हे काही अंशी तेर्सेरा बेटावरची धावपट्टी ठरवू लागली. या सगळ्या इतिहासाचा हा सर्वांत कडू भाग आहे, आणि सैनिकी इतिहासाच्या पुस्तकांत तो क्वचितच सापडतो.

नवा करार झाला तो थेट डिसेंबर १९७१मध्ये. त्याच महिन्यात निक्सन आणि फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष पाँपिदू यांची भेट तेर्सेरावरच झाली. भारतीय वाचकाला त्या भेटीचा एक धागा ठाऊक असायला हवा. तेथून परतताना, १४ डिसेंबरला, विमानातच किसिंजर यांनी पत्रकारांना सुचवले की, सोव्हिएत संघाने भारताला आवरले नाही तर निक्सन यांच्या नियोजित मॉस्को भेटीचा फेरविचार होऊ शकतो. ढाक्याचा पाडाव दोन दिवसांवर होता.

तो करार फेब्रुवारी १९७४मध्ये संपणार होता. म्हणजे ऑक्टोबर १९७३मध्ये निक्सन यांचे पत्र काएतानो यांच्यापुढे आले, तेव्हा मुदतीचे जेमतेम चार महिने उरले होते. घासाघीस करायला याहून चांगली वेळ कोणती? आणि काएतानो यांना गरजही होती. अंगोला, गिनी आणि मोझांबिक या तीन आघाड्यांवर पोर्तुगाल लढत होता. गिनीत स्वातंत्र्यसैनिकांकडे खांद्यावरून डागण्याची सोव्हिएत क्षेपणास्त्रे आली होती आणि पोर्तुगीज विमाने पडू लागली होती. त्या सप्टेंबरात गिनीच्या लढवय्यांनी स्वातंत्र्याची घोषणाही करून टाकली होती. धावपट्टी हवी असेल तर शस्त्रे द्या, असा पोर्तुगालचा सूर होता.

वॉशिंग्टनने नकार दिला. किसिंजर यांनी स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवले आहे की, निक्सन यांच्या नावाने धाडलेले ते पत्र असाधारण तुटक होते: शस्त्रे मिळणार नाहीत, आणि होकार आला नाही तर पोर्तुगालला या वैरी जगात त्याच्या नशिबावर सोडले जाईल. १९४३मध्ये रूझवेल्ट यांनी सौम्य शब्दांत मागितलेली गोष्ट तीस वर्षांनी अशी मागितली गेली. सर्वांनी वाळीत टाकलेल्या राजवटीला एकुलता एक मोठा मित्र गमावणे परवडणारे नव्हते. त्याच दिवशी बिनशर्त होकार गेला.

पुढचे सारे वेगाने घडले. लाजेसवर जोरदार आडवे वारे वाहत असल्याने पहिली विमाने अडकून पडली; राजनयाने दार उघडले आणि वाऱ्याने ते काही तास लावून धरले. १४ ऑक्टोबरच्या रात्री पहिले गॅलेक्सी तेल अवीवजवळच्या लोद विमानतळावर उतरले. माल उतरवण्याची यंत्रे घेऊन निघालेले विमान बिघाडामुळे लाजेसलाच राहिले होते, म्हणून तोफगोळे हातांनी उतरवावे लागले. एरवी दिवसाला एखाददुसरे विमान पाहणाऱ्या त्या बेटावर आता चाळिसाच्या घरात विमाने येऊ-जाऊ लागली.

लाजेसहून पुढची वाटही सरळ नव्हती. जिब्राल्टरच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून आत शिरायचे आणि भूमध्य समुद्राच्या मधोमध, युरोप व आफ्रिका या दोन्ही किनाऱ्यांपासून अंतर राखत पूर्वेकडे जायचे. खाली ठरावीक अंतरांवर अमेरिकी आरमाराची जहाजे उभी होती. नकाशावर ती रेघ पाहिली की कोणत्या देशाने काय उत्तर दिले होते, ते न वाचताच कळते. १४ नोव्हेंबरपर्यंत ५६७ फेऱ्या झाल्या: स्टारलिफ्टरच्या ४२२ आणि गॅलेक्सीच्या १४५. एकूण माल २२,३९५ अमेरिकी टन. थेट उड्डाणात तेहेतीस टन नेऊ शकणाऱ्या गॅलेक्सीने लाजेसमुळे प्रत्येक फेरीत सरासरी चौऱ्याहत्तर टन नेले. एका होकाराचे वजन इतके नेमके मोजता येते, असे प्रसंग इतिहासात थोडेच.

अमेरिकेने यातून काढलेला निष्कर्ष तांत्रिक होता. गॅलेक्सीच्या वैमानिकांना हवेत इंधन घेण्याचे शिक्षण सुरू झाले. स्टारलिफ्टर विमाने कापून, लांबवून, त्यांवर इंधन घेण्याची सोय बसवण्यात आली. अशी २७० विमाने १९८२पर्यंत तयार झाली. परक्याच्या जमिनीची गरजच उरू नये, हा हेतू. तो किती पुरा झाला, हे एप्रिल १९८६मध्ये दिसले. ब्रिटनमधील तळांवरून लिबियावर हल्ला करायला निघालेल्या एफ-१११ विमानांना फ्रान्स आणि स्पेन यांनी आपल्या आकाशातून जाऊ दिले नाही. इबेरियाला पूर्ण वळसा घालून, पुनःपुन्हा हवेत इंधन घेत, ती विमाने तेरा-चौदा तास उडत राहिली. इंधन देणारी विमानेही ब्रिटनच्याच भूमीवरून उडाली होती, आणि त्यासाठी मार्गारेट थॅचर यांचा होकार लागला, ज्याबद्दल त्यांना मायदेशी बरीच टीका सोसावी लागली. परक्या जमिनीची गरज एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर सरकली, इतकेच.

आणि पोर्तुगाल? नोव्हेंबर १९७३च्या अखेरीस अल्जीयर्सला भरलेल्या अरब शिखर परिषदेने तेलबंदी पोर्तुगालवरही लागू केली. ज्यांनी नकार दिला होता त्यांतील बहुतेक युरोपीय देश त्या यादीतून वाचले. डिसेंबरात किसिंजर लिस्बनला जाऊन आले, पण काएतानो यांची राजवट वाचवील असे काही त्यांच्या हातून मिळाले नाही. गिनीच्या जंगलांत लढून थकलेल्या अधिकाऱ्यांनीच २५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनच्या रस्त्यांवर रणगाडे आणले. लोकांनी सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशनची फुले खोचली. काएतानो परागंदा झाले ते ब्राझीलला. तेथून ते परतले नाहीत.

नव्या पोर्तुगालने वसाहती सोडायला सुरुवात केली. सप्टेंबरात गिनी-बिसाऊचे स्वातंत्र्य मान्य झाले. ३१ डिसेंबर १९७४ रोजी पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री मारियो सुआरिश नवी दिल्लीत होते. गोवा, दमण, दीव आणि दादरा-नगर हवेलीवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य करणाऱ्या तहावर त्यांनी सही केली. समोर भारताचे परराष्ट्रमंत्री म्हणून यशवंतराव चव्हाण बसले होते. लोहगावहून कॅनबेरा विमाने दाभोळीकडे निघाली, त्या डिसेंबरात ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. लाजेसच्या धावपट्टीवर मात्र अमेरिकी विमाने तेव्हाही उतरत होती, जुना करार संपून गेलेला असतानाही.